अक्कलदाढ : काढावी की राहू द्यावी?

दंतविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांपैकी एक ठरलेला आहे. विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी जबड्याचे क्ष-किरण चित्र हातात घेऊन येते, सोबत आई किंवा वडील असतात, आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, अक्कलदाढ आडवी आहे म्हणतात. काढावीच लागेल का?’’ कोणी तरी त्यांना ‘आत्ताच काढून टाका, पुढे त्रास होईल’ असे बजावलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र ‘दुखत नाही ना? मग हात कशाला लावता?’ असे म्हटलेले असते. दोन्ही सल्ले आपुलकीचेच असतात. परंतु यांपैकी कोणताही एक सल्ला सर्वांना सरसकट लागू करता येत नाही.

आपल्या वार्षिक अहवालात वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रियांचे आकडे दिले जातात आणि ते देणे योग्यच आहे. तथापि विचारपूर्वक न केलेल्या शस्त्रक्रियांसाठी तक्त्यात रकाना नसतो. अक्कलदाढेच्या बाबतीत हा न लिहिला जाणारा रकाना फार महत्त्वाचा आहे. वेळेवर न काढलेली दाढ क्वचित जिवावर बेतू शकते, आणि विनाकारण काढलेली दाढ एखाद्याच्या ओठाला कायमचा बधिरपणा देऊन जाऊ शकते. सबब हा निर्णय कोणत्या आधारावर घेतला जातो, हे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांसमोर सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अक्कलदाढ म्हणजे काय?

प्रौढ माणसाच्या तोंडात एकूण ३२ दात असतात. त्यांतील सर्वांत शेवटी येणाऱ्या, जबड्याच्या चारही टोकांच्या चार दाढा म्हणजे अक्कलदाढा. त्या सामान्यतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान, म्हणजे माणसाला समज येण्याच्या वयात उगवतात, म्हणून हे नाव पडले. दाढेचा बुद्धीशी अर्थातच काही संबंध नाही. ती काढल्याने अक्कल कमी होत नाही आणि ठेवल्याने वाढतही नाही. सर्वांनाच चारही अक्कलदाढा येतात असेही नाही. साधारण पाच माणसांमागे एकाला त्यांपैकी एखादी किंवा अधिक दाढा मुळातच तयार होत नाहीत.

इतर दाढा आपापली जागा धरून बसल्यानंतर ही दाढ येते, त्यामुळे अनेकदा तिला जागा पुरत नाही. शिजवलेले, मऊ अन्न खाण्याची सवय जडल्यावर पिढ्यान्‌पिढ्या मानवी जबडा लहान होत गेला, असे याचे एक कारण मानले जाते. जागा न मिळालेली दाढ पुढच्या दाढेला टेकून तिरपी राहते, आडवी पडते, किंवा हाडात पूर्णपणे गाडलेली राहते. अशा दाढेला ‘अडकलेली दाढ’ म्हणतात. जॉर्ज विंटर या अमेरिकन दंतशल्यविशारदाने १९२६ मध्ये अडकलेल्या दाढांची त्यांच्या कलानुसार वर्गवारी केली. पुढे झुकलेली, उभी, आडवी आणि मागे झुकलेली, अशी ती वर्गवारी आजही वापरात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दाढ अडकलेली असणे हा स्वतःहून रोग नव्हे. ती दाढेची स्थिती आहे. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता सुमारे एक चतुर्थांश लोकांत निदान एक अक्कलदाढ अडकलेली आढळते. या साऱ्यांवर शस्त्रक्रिया करायची म्हटले तर आडवी दाढ हेच शस्त्रक्रियेचे कारण ठरेल. प्रत्यक्षात कारण रोग हे असावे लागते, किंवा रोग होण्याचा स्पष्ट संभव तरी असावा लागतो.

त्रास नेमका कसा होतो?

सर्वांत जास्त त्रास पूर्ण गाडलेल्या दाढेपेक्षा अर्धवट उगवलेल्या दाढेचा होतो. अशा दाढेच्या माथ्यावर हिरडीचा एक पापुद्रा राहतो. त्याच्याखाली पोह्यांचा कण, शेंगदाण्याचा कूट, पोळीचा बारीक तुकडा अडकतो. तेथे ब्रश पोहोचत नाही. जंतू वाढतात, हिरडी सुजते, वरची दाढ त्या सुजेवर चावली जाते आणि दुखणे दुपटीने वाढते. काही वेळा वरची अक्कलदाढ खाली उतरून सुजलेल्या हिरडीला सतत इजा करत असते. अशा प्रसंगी खालच्या दाढेला हात न लावता केवळ वरची दाढ काढल्यानेही आराम पडतो.

हे दुखणे नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांच्या सोळाव्या अध्यायात ‘अधिमांस’ नावाचा विकार वर्णिला आहे. जबड्याच्या शेवटच्या दाताजवळ मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे ही त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. ते वाढलेले मांस कापून काढून त्यावर मधासह औषधी चूर्ण लावावे, असा उपचारही पुढे चिकित्सास्थानात दिला आहे. आजच्या दंतवैद्यकात हिरडीचा पापुद्रा कापण्याची क्रिया आहेच. मात्र दाढेला सरळ वर येण्याइतकी जागा असेल तरच तिचा उपयोग होतो. जागा नसेल तर पापुद्रा पुन्हा वाढतो आणि मूळचा त्रास कायम राहतो.

दुसरा धोका शेजारच्या दाढेला असतो आणि तो मुकाट्याने येतो. पुढे झुकलेली अक्कलदाढ समोरच्या दाढेला ज्या ठिकाणी टेकते, तेथे अन्न साचून किडीला सुरुवात होते. ही कीड बाहेरून दिसत नाही. ठणका सुरू होतो तोपर्यंत ती अनेकदा नसेपर्यंत गेलेली असते. अक्कलदाढ गेली तर चावण्यात फारसा फरक पडत नाही, पण तिच्या समोरची दाढ ही चावण्याची मुख्य दाढ आहे. निरुपयोगी दाढेपायी उपयोगी दाढ गमावावी लागणे, हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

तिसरा प्रकार म्हणजे गाडलेल्या दाढेभोवती द्रवाने भरलेली पिशवी तयार होणे. तिला सिस्ट म्हणतात. ही पिशवी हळूहळू वाढून जबड्याचे हाड पोकळ करते. त्याहून क्वचित, अशा जागी अर्बुदही उद्भवू शकते. हे प्रकार विरळ असले तरी ते दुखण्याविना वाढतात, म्हणून ठेवलेल्या दाढेवर लक्ष ठेवावे लागते.

केव्हा एक दिवसही थांबू नये?

खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्याच्या अशा भागात असतात की तेथील पू जिभेखाली, हनुवटीखाली आणि घशाच्या बाजूला उतरू शकतो. जिभेखालच्या व हनुवटीखालच्या सर्व जागांत दोन्ही बाजूंनी पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाताचा संसर्ग हे त्याचे मुख्य कारण असते. प्रतिजैविके उपलब्ध नसण्याच्या काळात असे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही हा विकार जिवावरचा आहे, कारण सुजेमुळे श्वासमार्गच बंद होऊ शकतो.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच दंतविभागाच्या वेळेची वाट न पाहता तातडीच्या विभागात यावे : तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे, गिळताना त्रास होणे, लाळ बाहेर गळणे, हनुवटीखाली किंवा मानेवर कडक सूज येणे, ताप व थंडी, आवाज घोगरा होणे आणि श्वास घेण्यास कष्ट पडणे. अशा रुग्णाच्या गालाला गरम शेक देऊ नये. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्याने हिरडी भाजते, संसर्ग मात्र तसाच राहतो. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या घेऊन ठणका थांबताच बंद करणे, ही आपल्याकडील सार्वत्रिक सवय आहे. ठणका थांबतो, अडकलेले अन्न व पू तेथेच राहतो, आणि पुढची सूज अधिक जोराने येते.

काढण्याची निश्चित कारणे

पुढील परिस्थितीत दाढ काढावी, याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. हिरडीची सूज पुन्हा पुन्हा येणे, किंवा पहिलीच सूज अतिशय गंभीर असणे. दाढ इतकी किडणे की ती भरता येणार नाही. शेजारच्या दाढेला कीड लागणे किंवा तिच्याभोवतीचे हाड झिजणे. सिस्ट किंवा अर्बुद आढळणे. दाढ जबड्याच्या मोडलेल्या जागेत किंवा नियोजित शस्त्रक्रियेच्या मार्गात असणे.

यात आणखी एका गटाची भर घातली पाहिजे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी जबड्याला किरणोपचार द्यायचे असतील, तर दोषयुक्त दाढ उपचारांपूर्वीच काढून जखम भरून येऊ द्यावी लागते. किरणोपचारांनंतर हाडाची भरून येण्याची शक्ती घटते आणि त्या वेळी दाढ काढल्यास हाड सडण्याचा धोका असतो. आपल्या राज्यात तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने ही बाब पुस्तकी राहत नाही.

हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घ्या. वर्षभरात तीनदा गाल सुजला, तिन्ही वेळा गोळ्या घेतल्या, प्रत्येक वेळी चार दिवसांची कमाई बुडाली. त्याला ‘दुखणे थांबले आहे, आता कशाला काढायची?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुखणे थांबलेले असतानाच, सूज नसताना दाढ काढणे सर्वांत सुरक्षित असते, कारण तेव्हा भूल नीट लागते आणि तोंड पूर्ण उघडते. चौथ्या सुजेची वाट पाहण्यात त्याचा काहीही लाभ नाही.

राहू देण्याची तितकीच सबळ कारणे

दाढ सरळ आली आहे, तिच्यावर ब्रश फिरतो, वरच्या दाढेशी ती नीट मिळते, कीड नाही. अशी दाढ काढण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे पन्नाशी-साठीतील व्यक्तीच्या हाडात खोलवर गाडलेली, वर्षानुवर्षे शांत राहिलेली दाढ कवळी बसवण्यापूर्वीच्या चित्रात अचानक दिसते, तेव्हा कुटुंबीय घाबरतात. अशी दाढ तोंडात उघडलेली नसेल आणि भोवती रोगाचे चिन्ह नसेल, तर तिला तेथेच राहू देऊन ठरावीक काळाने तपासणी करणे बहुधा श्रेयस्कर ठरते. त्या वयात हाड कठीण झालेले असते, मुळे नसेच्या निकट असू शकतात आणि जखम सावकाश भरते.

‘अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते आणि दात वाकडे होतात’ हा समजही दूर केला पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, दात सरळ करण्याचे उपचार घेतलेल्या मुलांपैकी काहींच्या अक्कलदाढा काढण्यात आल्या व काहींच्या ठेवण्यात आल्या. पुढील दातांची गर्दी टाळण्यासाठी अक्कलदाढा काढणे समर्थनीय नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. पुढच्या दातांची दाटी वयानुसार अक्कलदाढा नसलेल्या माणसांतही होते.

मतभेदाचा मधला प्रदेश

खरा पेच पडतो तो मधल्या रुग्णांबाबत. वय वीस, दाढ तिरपी, दुखणे नाही, कीड नाही. काढायची की थांबायचे? याविषयी जगातील दोन प्रगत देशांनीही भिन्न वाटा स्वीकारल्या आहेत.

अमेरिकेत तरुण वयातच चारही अक्कलदाढा काढण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला आहे. वीस वर्षांच्या आसपास मुळे पूर्ण वाढलेली नसतात, हाड लवचिक असते, जखम लवकर भरते, असा त्यामागील युक्तिवाद आहे आणि तो निराधार नाही. वय वाढते तशी शस्त्रक्रिया अवघड होत जाते, हे खरेच आहे. याउलट ब्रिटनमधील ‘नाइस’ या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २००० साली असे सांगितले, की रोगाचे चिन्ह नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. ज्या दाढा आयुष्यात कधीच त्रास देणार नाहीत, त्यांसाठी हजारो निरोगी माणसांना शस्त्रक्रियेच्या धोक्यात घालणे आणि सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य नव्हे, हा त्यामागील विचार होता.

या धोरणाचा पुढील अनुभव उद्बोधक आहे. सुरुवातीस शस्त्रक्रियांची संख्या घटली. परंतु त्यानंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये दाढ काढून घेणाऱ्या रुग्णांचे सरासरी वय २५ वरून ३२ पर्यंत गेले, आणि शेजारच्या दाढेची कीड हे कारण अधिक प्रमाणात पुढे येऊ लागले. म्हणजे काही दाढा टळल्या नाहीत, केवळ लांबणीवर पडल्या, आणि मध्यंतरीच्या काळात काहींनी चांगली दाढ गमावली. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पुन्हा आढावा घेतला. निरोगी अडकलेल्या दाढा सरसकट काढाव्यात किंवा सरसकट ठेवाव्यात, यांपैकी कोणत्याही बाजूने पुरेसा पुरावा नाही, असेच त्यात दिसून आले.

या साऱ्याचा अर्थ एवढाच, की सरसकट नियम येथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक दाढेचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पुढे झुकून शेजारच्या दाढेच्या मानेपाशी टेकलेली, अर्धवट उघडी दाढ भविष्यात नुकसान करण्याचा संभव मोठा असतो. तेथे लवकर काढण्याचा सल्ला योग्य ठरू शकतो. काढायचे नसेल तर त्या जागेचे क्ष-किरण चित्र ठरावीक अंतराने घेतलेच पाहिजे. हाडात पूर्ण झाकलेली किंवा सरळ उभी दाढ असेल तर थांबणे रास्त होय. ‘ठेवणे’ याचा अर्थ ‘विसरून जाणे’ असा मात्र कधीच होत नाही.

अलीकडे परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलांचे पालक, ‘तिकडे दातांचा खर्च फार, जाण्यापूर्वी चारही काढून द्या’ अशी विनंती करतात. त्यांची चिंता समजण्यासारखी आहे. अशा वेळी चारही दाढांची तपासणी करून ज्या एक-दोन दाढा खरोखर धोक्याच्या आहेत तेवढ्याच काढाव्यात, आणि त्याही प्रस्थानापूर्वी निदान चार-सहा आठवडे आधी, हे उचित. विमानात बसण्याच्या आदल्या आठवड्यात केलेली शस्त्रक्रिया चिंता कमी करण्याऐवजी वाढवते.

शस्त्रक्रिया व तिचे धोके

बहुतेक अक्कलदाढा जागेवरची भूल देऊन, रुग्ण जागा असताना काढता येतात. हिरडी थोडी बाजूला सारून, आवश्यक तेवढे हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ते बाहेर काढले जातात आणि टाके घातले जातात. चारही दाढा एकाच वेळी काढायच्या असतील किंवा दाढ अतिशय खोल असेल तर पूर्ण भूल द्यावी लागते.

दुखणे, सूज व तोंड कमी उघडणे हे अपेक्षित परिणाम होत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व आठवड्याभरात उतरते. काही रुग्णांत दोन ते चार दिवसांनी जखमेतील रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडते आणि कानापर्यंत तीव्र ठणका लागतो. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. औषधी पट्टी ठेवल्यावर आराम पडतो.

सर्वांत महत्त्वाचा धोका नसेचा. खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून, अक्कलदाढेच्या मुळांखालून जाते. जिभेला संवेदना देणारी नस दाढेच्या आतल्या बाजूने जाते. त्यांना धक्का लागल्यास ओठ किंवा जीभ बधिर होते. शंभरात मोजक्या रुग्णांना असा बधिरपणा येतो आणि त्यांतील बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. तो कायमचा राहण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. परंतु ज्याला तो राहतो, त्याच्या दृष्टीने जेवताना, बोलताना, दाढी करताना तो रोजचा अनुभव असतो. म्हणून हा आकडा लहान असला तरी प्रत्येक रुग्णाला तो आधी सांगितलाच पाहिजे.

या कारणासाठी संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र, ज्याला ओपीजी म्हणतात, ते काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मुळाची सावली गडद दिसणे, नसेच्या नळीची पांढरी रेषा तुटलेली दिसणे किंवा नळी वळलेली दिसणे, ही नस निकट असल्याची चिन्हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने अधोरेखित केली. अशी चिन्हे असतील तरच त्रिमितीय स्कॅन करावा. त्याचा खर्च व किरणांची मात्रा दोन्ही अधिक असल्याने तो सर्वांना करणे युक्त नव्हे. नस मुळांना अगदी चिकटलेली असेल तर दाढेचा केवळ वरचा भाग कापून काढून मुळे हाडातच ठेवण्याचा पर्याय आहे. या पद्धतीला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ती १९८० च्या दशकात वर्णिली गेली. मुळांना कीड किंवा संसर्ग नसेल तरच ती करता येते, आणि क्वचित मुळे पुढे सरकल्यास दुसरी शस्त्रक्रिया लागते.

वरची दाढ काढल्याने नजर कमी होते, हा आपल्याकडील जुना समज आहे. दृष्टीची नस मेंदूकडून थेट डोळ्याकडे जाते. दातांच्या नसांशी तिचा संबंध नाही. या भीतीने दाढ ठेवण्याचे कारण नाही.

आपल्या रुग्णांच्या संदर्भात

तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मशेरी यांमुळे आपल्या भागातील निर्णय अधिक कठीण होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारीयुक्त पदार्थांमुळे तोंडाच्या आतील त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होण्याचा विकार तरुणांत आजही दिसतो. असा रुग्ण अक्कलदाढेचे दुखणे घेऊन येतो तेव्हा शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचवणेही अवघड होते. येथे शस्त्रक्रियेपूर्वी व्यसनमुक्ती हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

मधुमेह असल्यास रक्तातील साखर नियंत्रणात आणून मगच दाढ काढावी. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत. बहुतेकदा त्या चालू ठेवूनच दाढ काढता येते, आणि गोळ्या बंद करण्याचा धोका थोड्या अधिक रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. हाडे ठिसूळ होण्यावरील औषधे किंवा इंजेक्शने चालू असल्यास तेही आवर्जून सांगावे. गर्भवतीला दाढेचा त्रास झाल्यास उपचार टाळू नयेत. तातडी नसेल तर प्रसूतीपर्यंत थांबावे, आणि आवश्यक असेल तर चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा.

नातेवाइकांनी विचारावेत असे प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे, की रुग्णाची संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम त्याला सांगितले गेले पाहिजेत. सबब संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

१. या दाढेला आज कोणता रोग आहे? नसेल, तर पुढे होण्याचा संभव कशावरून?
२. शेजारची दाढ सुरक्षित आहे का?
३. ओठाची व जिभेची नस मुळांपासून किती दूर आहे?
४. आत्ता काढली नाही तर काय होईल, आणि पुन्हा तपासणी केव्हा करायची?
५. चारही दाढा काढणे आवश्यक आहे, की त्यांपैकी एखादीच?
६. खर्च किती, आणि कामावर केव्हा जाता येईल?

शेवटच्या प्रश्नाबाबत संकोच बाळगू नये. पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करण्यासाठी दाखल व्हावे लागल्यास, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक नुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. समाजसेवा विभागात त्याची चौकशी करावी.

दाढ काढल्यानंतर

तोंडातील कापसाची घडी सांगितलेल्या वेळेपर्यंत दाबून धरावी. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. पहिले दोन-तीन दिवस गार व मऊ अन्न, म्हणजे ताक, पेज, गार केलेला मऊ भात, मुगाची खिचडी घ्यावी. तंबाखू व विडी-सिगारेट पूर्ण वर्ज्य. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाने शेकावे. रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढत असेल, ताप येत असेल किंवा भूल उतरूनही ओठ बधिर राहिला असेल, तर पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

समारोप

अक्कलदाढेचा निर्णय करणे म्हणजे दोन धोके तराजूच्या दोन पारड्यांत ठेवणे. एका पारड्यात दाढ ठेवल्याचा धोका, दुसऱ्यात ती काढल्याचा. हे तोलण्यासाठी चांगले क्ष-किरण यंत्र लागते, अनुभवी हात लागतात, आणि सर्वांत अधिक लागतो तो वेळ : रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्याचा आणि त्याला चित्र समोर धरून समजावून सांगण्याचा. खाजगी व्यवहारात हा वेळ परवडणे अवघड होते, आणि ‘काढू नका’ या सल्ल्याचे बिल कोणालाही लावता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयाचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. येथे दाढ काढली की नाही यावर वैद्याची मिळकत ठरत नाही. दात्यांची देणगी यंत्रसामग्रीला उपयोगी पडते, तशीच ती या निःपक्षपाती सल्ल्यालाही आधार देते. एखाद्या रुग्णाची सुजलेली मान वेळेवर वाचते तेव्हा ती देणगी सार्थकी लागते. आणि एखादी मुलगी आपल्या आईसह, कोणतीही शस्त्रक्रिया न होता, पुढील वर्षाच्या तपासणीची तारीख घेऊन निर्धास्त मनाने घरी परतते, तेव्हाही ती तितकीच सार्थकी लागलेली असते. अहवालाच्या तक्त्यात या दुसऱ्या प्रसंगाची नोंद होत नाही, म्हणून ती येथे कृतज्ञतापूर्वक केली आहे.